बिडाचा जाड तवा आणि मटणात खुपसायचा थर्मामीटर : काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. दोन्हींतली एकच वस्तू घ्यायची असेल तर थर्मामीटर घ्या. तव्याचं काम घरातला एखादा जुना जाड लोखंडी तवा बऱ्यापैकी भागवतो. थर्मामीटरचं काम अंदाजाने भागत नाही, मग तुमच्या हातचा रस्सा गावात कितीही नावाजलेला असो.

वस्तू अशा : दहा इंची, उभ्या कडांचा बिडाचा तवा, ज्याला दुकानदार स्किलेट म्हणतात, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आणि बारीक सुईचा, घडी होऊन खिशात राहणारा डिजिटल थर्मामीटर. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस घेतल्या. घरी स्टेक, म्हणजे मांसाचा जाड सलग काप तव्यावर भाजून, करायचा आणि मित्रांना बोलावून चाखवायचा, एवढाच बेत. जळगावात हा बेत बोलून दाखवला की पहिला प्रश्न येतो, ‘कशाचा?’

प्रश्न रास्त आहे. ज्या स्टेकचं जगभर नाव आहे तो गोमांसाचा. फ्लॉरेन्सचा कियानिना गुरांचा बिस्तेक्का, अमेरिकेतला रिबआय, जपानच्या ह्योगो प्रांतातला कोबे, सगळे तेच. आपल्या राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. म्हैस-रेडा त्या बंदीत येत नाही, पण आमच्या टोळक्यात ते कोणी खात नाही. उरलं बोकड आणि मेंढी. आमच्यातला एक जण नोकरीनिमित्त बरीच वर्षं टेक्सासात राहून आला आहे. त्याचं म्हणणं, बोकडाचा स्टेक म्हणजे हट्ट आहे. कारणही त्याने नीट सांगितलं. तिकडचं कृषी खातं गोमांसाला प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा प्रती लावतं, आणि प्रत ठरताना स्नायूच्या आत चरबीच्या बारीक रेघा किती आहेत याला मोठं वजन असतं. बोकडाची चरबी बहुतेक पोटात आणि गुर्द्याभोवती. स्नायूत रेघा जवळजवळ नाहीतच. म्हणजे दोन-चार अंश इकडेतिकडे झाले की सांभाळून घ्यायला चरबी नाही. हे ऐकूनच थर्मामीटर घेतला, नाहीतर नुसत्या तव्यावर भागवणार होतो.

तवा घरी आला आणि खरी अडचण कळली ती खाटकाकडे. आपल्याकडे मटण सत्तूरने ओंडक्यावर तोडतात, रश्श्यासाठी तेच बरोबर आहे. दीड इंच जाडीचा सलग काप मागितला की तो आपल्याकडे दयेने बघतो. करवत नसते, आणि रानेच्या, म्हणजे मांडीच्या, हाडावर सत्तूर मारला की हाडाच्या कपच्या मांसात घुसतात. त्यामुळे आता अख्खी रान हाडासकट घेतो आणि घरी धारदार सुरीने स्नायू एकेक करून सोडवतो. रानेत पाच-सहा वेगवेगळे स्नायू असतात, त्यांच्यामधला पांढरा पडदा बोटानेच सुटत जातो. सुटलेल्या स्नायूचे धाग्याला आडवे जाड काप घ्यायचे. उभे कापले तर कितीही नीट भाजा, दातात दोरे येणार.

आता ज्यावरून घरात आणि मित्रांत सगळ्यात जास्त वाद झाला ते सांगतो. खान्देशात मटण म्हणजे ताजं. रविवारी सकाळी कापलेलं, दहाच्या आत घरी, अकराला कुकरमध्ये. फ्रीजमध्ये ठेवलेलं म्हणजे शिळं, ते पाहुण्याला वाढणं कमीपणाचं. रश्श्याला हे ताजेपण चालतं, कारण कुकरमध्ये सगळं मऊ होतंच. स्टेकला मात्र ते आडवं येतं. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, आणि तो ताठरपणा सैल व्हायला बोकड-मेंढीत साधारण दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. नंतर मांसातलीच एन्झाइम्स धागे हळूहळू मऊ करत जातात. परदेशात गोमांस म्हणूनच दोन-तीन आठवडे थंड खोलीत मुरवतात. उलट बाजूही आहे. कापल्या कापल्या गरम मांस एकदम थंडीत घातलं तर स्नायू आकसून कायमचे चिवट होतात. न्यूझीलंडच्या संशोधकांनी हे १९६३ साली दाखवून दिलं. हाडाला धरलेल्या स्नायूला आकसायला वाव कमी असतो, म्हणून अख्खी रान. माझी पद्धत : हिवाळ्यात सकाळी टांगलेल्या बोकडाची रान दुपारकडे घ्यायची, हाडासकट ताटलीत उघडी ठेवून फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात, ४ अंशांच्या खाली, दोन दिवस. एप्रिल-मेमध्ये हा उद्योग करू नये. पारा ४४-४५ वर असताना टांगलेल्या मटणावर प्रयोग नकोत.

वाद मिटवायला चाखण्याची संध्याकाळ ठरली. यावल तालुक्यात एका मित्राचा मळा आहे, बाजूला केळीच्या बागा, उत्तरेला सातपुडा. जानेवारीत तिथे आमची भरीत पार्टी होतेच, त्याच रात्रीला हे जोडलं. नियम टेक्सासवाल्याने घातले. ताटल्यांना फक्त आकडे, कोणतं मटण कशाचं हे भाजणाऱ्यालाच माहीत, तुकडा सुपारीएवढा, मधे कोरडी भाकरी आणि पाणी, बाटल्या शेवटचा घास झाल्यावरच उघडायच्या. शेवटच्या नियमाला कडाडून विरोध झाला, पण टिकला.

ताटल्या चार होत्या. त्याच दिवशीच्या बोकडाची रान, दोन दिवस ठेवलेल्या बोकडाची रान, मेंढीचे जाड चाप, आणि बोकडाच्या पाठकण्याखालची बारीक मऊ पट्टी. मेंढी साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपातली, ती मुद्दाम सांगून मिळवली होती. सगळ्याला फक्त मीठ, वजनाच्या एक टक्का, भाजायच्या तासभर आधी. मीठ एकतर असं आधी लावावं किंवा अगदी तव्यावर टाकताना. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत मांसावर पाणी सुटलेलं असतं आणि ते परत आत शोषलं गेलेलं नसतं, मग ओलं मांस तव्यावर भाजत नाही, उकडतं. फडक्याने टिपून कोरडं करणं हे तर मिठाइतकंच महत्त्वाचं.

पहिली ताटली ५७ अंशांवर उतरवली, कापल्यावर आतून गुलाबी. अमळनेरच्या मित्राने तुकडा उजेडाकडे धरला आणि म्हणाला, ‘भो, हाई कच्चं शे!’ त्याला सांगितलं की तो लाल रस रक्त नव्हे, मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन आहे. पटलं नाही, पण खाल्लं. निकाल असा लागला : त्याच दिवशीची रान सगळ्यांनी, अगदी एकमताने, शेवटच्या नंबरावर टाकली. ‘शिळं मटण’ म्हणून ज्यांनी दुपारपासून डोकं खाल्लं होतं त्यांनीच दोन दिवसांची रान दुसरी लावली. पहिला नंबर मेंढीच्या चापांचा. इथले मटण खाणारे मेंढीला वासाची म्हणून नाकं मुरडतात, पण चरबीची कड तव्यावर उभी धरून कुरकुरीत केली की तोच वास हवासा वाटतो. पाठकण्याखालची पट्टी मऊ होती खरी, पण चवीला मिळमिळीत. ती टेक्सासवाल्याला सोडून कोणालाच आवडली नाही.

गुलाबी मांसाबद्दल एक गंभीर गोष्ट. अमेरिकेचं कृषी खातं सलग कापांसाठी ६३ अंश आणि त्यानंतर किमान ३ मिनिटं विसावा सांगतं, खिम्यासाठी ७१. सलग मांसात जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात, म्हणून हा फरक. आम्ही ५७ ला उतरवलं ते जाणूनबुजून. घरी मी आता ६३ वरच थांबतो, आणि गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस पंगतीत असेल तर सरळ रस्सा करतो. कच्च्या मटणातून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची बाधा होऊ शकते, तिथे हौस नको.

काळ्या मसाल्याचं काय, हा प्रश्न खान्देशी माणूस विचारणारच. मीही मसाला चोळून भाजून पाहिला आहे. मसाल्यातलं खोबरं, धणे, मिरची आधीच भाजलेली असतात. तव्याच्या दोनशे-सव्वादोनशे अंशांवर ती काही सेकंदांत जळतात आणि कडवट लागतात. मांस उतरवून विसावायला ठेवल्यावर त्याच तव्यात, गॅस बंद करून, चमचाभर साजूक तुपात मसाला नुसता फुलवायचा आणि वरून ओतायचा. हे इतकं छान लागतं की ताटल्यांवरचे आकडे विसरून लोकांनी तवा भाकरीने पुसून खाल्ला. लोणी मात्र नको. त्यातला दुधाचा अंश करपतो. तुपात तो काढून टाकलेला असल्याने तूप कितीतरी जास्त ताप सोसतं.

आता तव्याबद्दल. बीड उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियमपेक्षा बरंच मागे आहे, त्यामुळे मोठ्या आचेवर ठेवलं की बर्नरच्या वर आगीचं वर्तुळ आणि कडेला गार. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं तापू द्यावं, मग आच वाढवावी. एकदा तापलं की थंड मांस टाकलं तरी ताप फार खाली येत नाही, आणि वजनाचे पैसे तिथे वसूल होतात. धूर प्रचंड. सदनिकेच्या स्वयंपाकघरात केलं तर शेजारी विचारपूस करायला येतात, अंगणात किंवा गच्चीवर करा. घाण्याचं शेंगदाणा तेल लवकर धुरावतं, भाजायला रिफाइंड बरं.

‘तयार लेप दिलेला’ म्हणून जो तवा विकतात त्याचा लेप माझ्या तव्यावर तरी नावापुरताच होता. पहिल्याच चिंचेच्या पदार्थाने डाग पडले. तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवणं, हे पुन्हा पुन्हा करत गेलो तेव्हा काळा गुळगुळीत थर जमला. जवसाच्या तेलाची शिफारस बरेच जण करतात. माझ्याकडे त्याचे पापुद्रे निघाले, शेंगदाणा तेल टिकलं. आमच्याकडचं बोअरचं जड पाणी तव्यावर वाळू दिलं तर पांढरे चट्टे उठतात, म्हणून धुतल्याबरोबर गॅसवर कोरडा करायचा. भाकरीला हा तवा कुचकामी आहे, उभ्या कडांमुळे उलथणं नीट खाली जात नाही. भरताच्या वांग्याचे बोटभर जाड काप मात्र त्यावर अप्रतिम होतात. शाकाहारी मित्रासाठी मळ्यात तेच केले होते, आणि मेंढीच्या चापांना खरी टक्कर त्यांनीच दिली.

थर्मामीटर तपासायची सोपी पद्धत : बर्फ कालवलेल्या पाण्यात ०, उकळत्या पाण्यात १०० च्या किंचित खाली. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे ९९ च्या वर थोडंसं दिसलं तर यंत्र बरोबर आहे. सुई कापाच्या बाजूने, बरोबर मध्यात खुपसायची, हाडाला लागू द्यायची नाही. जाड काप उतरवल्यावरही तीन-चार अंश चढतो, तेवढं आधीच उतरवा. बटण-सेल लवकर संपतात आणि घडीच्या सांध्यात चरबी अडकते, त्या दोन तक्रारी.

त्या रात्रीनंतर अमळनेरच्या मित्रानेही थर्मामीटर मागवला. मटणात तो अजून एकदाही खुपसलेला नाही. वहिनी विरजण लावताना दूध ४२ अंशांवर आलं का ते त्याने बघतात, आणि दही पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगलं लागतं म्हणतात.