माहितीपत्रक हरवलेला सिरियल स्कॅनर लिनक्सवर: कळफलकाच्या वाटेने की थेट फाइलीत?

सिरियल पोर्टचे जुने बारकोड स्कॅनर काही ग्रंथालयांत अजून धडधाकट आहेत, मात्र त्यांचे माहितीपत्रक हरवलेले असते आणि सोबतचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजचे असते. असा स्कॅनर लिनक्सवर कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरसाठी वापरायचा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिल्यात एक छोटा प्रोग्राम पोर्टवर आलेली अक्षरे यूइनपुट या लिनक्सच्या आभासी कळफलकाच्या सोयीद्वारे कळफलकावर टाइप झाल्यासारखी पुढे पाठवतो. दुसऱ्यात पोर्ट थेट वाचून प्रत्येक बारकोड साध्या मजकूर फाइलीत एकेका ओळीवर उतरवला जातो. मी दोन्ही वापरले आहेत.

पोर्टची मांडणी ओळखण्याचे काम दोन्हीकडे सारखेच आहे. ९६०० वेग, ८ बिट आणि पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी प्रत्येक अक्षरासोबत जाणारा जादा बिट) नाही, येथून सुरुवात करून एखाद्या पुस्तकावरचा ९७८ ने सुरू होणारा आयएसबीएन वाचून पाहावा. सगळीच अक्षरे निरर्थक आली तर बहुधा वेग चुकलेला असतो. ९ नीट येतो पण ७ आणि ८ बिघडतात, असे दिसले तर स्कॅनर ७ बिट आणि सम पॅरिटीवर आहे. नेमके उलट दिसले तर विषम पॅरिटीवर. काहीच उमटत नसेल तर स्कॅनर ओळ संपल्याचे चिन्ह पाठवत नसावा, कारण लिनक्स मुळात ओळ पूर्ण झाल्याशिवाय ती प्रोग्रामच्या हाती देत नाही. अशा वेळी एसटीटीवाय या आज्ञेने पोर्ट रॉ अवस्थेत, म्हणजे ओळ पूर्ण होण्याची वाट न पाहता अक्षरे पुढे देणाऱ्या अवस्थेत, ठेवावा. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर जोडताच नाहीसा झाला, तर ब्रेल उपकरणांसाठीच्या बीआरएलटीटीवाय या प्रोग्रामने तो ताब्यात घेतलेला असण्याची दाट शक्यता आहे.

कळफलकाच्या मार्गाची सोय निर्विवाद आहे: कोहात काहीही न बदलता कर्सर असेल तेथे क्रमांक उमटतो. माझा निर्णय मात्र एकाच त्रासाने फिरवला. यूइनपुट अक्षर पाठवत नाही, कळ दाबल्याची खूण पाठवतो, आणि त्या कळीचे अक्षर कोणते हे त्या क्षणी चालू असलेला कळफलक ठरवतो. मराठी पुस्तकांची नोंद करताना इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू असतो. त्याच अवस्थेत स्कॅनर उचलला की दाखल क्रमांकातील इंग्रजी कॅपिटल ‘के’चा ‘ख’ होतो आणि कोहाला ते पुस्तक सापडत नाही. दिवसभर दोन्ही लिप्यांत काम करणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक वेळी कळफलक बदलण्याचे भान ठेवावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

थेट फाइलीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण स्कॅनरने पाठवलेले अक्षर जसेच्या तसे लिहिले जाते. वार्षिक ग्रंथपडताळणीला तर ही पद्धत विशेष सोयीची आहे: फडताळांपाशी लॅपटॉप नेऊन वाचन करावे आणि तयार झालेली फाइल कोहाच्या इन्व्हेंटरी साधनाला द्यावी, तेवढ्या वेळात इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. पुस्तक सापडले की नाही हे मात्र लगेच कळत नाही, ही तिची खरी उणीव आहे.

म्हणून केवळ देवघेव होणाऱ्या आणि मराठी कळफलक न लागणाऱ्या संगणकावर पहिला मार्ग कदाचित अधिक सोयीचा ठरेल. जेथे एकाच संगणकावर मराठी नोंदीही होतात, तेथे मी दुसराच सुचवीन.