घासाघीस न करणारा व्यापारी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या पट्ट्यात द्राक्षाची तोडणी जोरात असते तेव्हाच परगावच्या व्यापाऱ्याने बुडवल्याच्या तक्रारीही सुरू होतात. फसलेला बागायतदार अडाणी नसतो. छाटणीच्या तारखेपासून औषधांचे दिवस त्याला पाठ असतात, गोडी तो ब्रिक्समध्ये मोजतो. अनोळखी माणसाला मात्र तो वरवर बघून पास करतो.

रीत बहुतेक वेळा ठरलेली. व्यापारी गावातल्याच कुणाबरोबर तरी बागेत येतो, दोन मणी चाखतो, आणि चार किलोच्या पेटीला २०० रुपये बाजार चालू असताना २२० बोलून मोकळा होतो. पहिल्या तोडणीचे पैसे बांधावर रोख. दुसरीला निम्मे, "बाकीचे सोमवारी". तिसरीला "गाडी खाली झाली की टाकतो". मग बाग मोकळी, फोन बंद आणि त्याची भाड्याची खोलीही मोकळी.

आकडे मांडून बघा. समजा एकरात १० टन माल, म्हणजे २,५०० पेट्या. पहिल्या ६०० पेट्यांचे त्याने १,३२,००० रुपये दिले. बाजारापेक्षा जास्त गेले ते फक्त १२,०००. उरलेल्या १,९०० पेट्यांचे ४,१८,००० द्यायचेच नसतील, तर २२० काय आणि २५० काय! ज्याला खरंच पैसे द्यायचेत तो तडकलेले मणी दाखवतो, खराब घड बाजूला काढायला लावतो, पाच रुपयांसाठी तासभर हुज्जत घालतो, कारण त्याला पुढच्या बाजारात नफा काढायचा असतो. तोच आपल्याला कटकट्या वाटतो आणि दुसरा दिलदार.

असं का होतं? गावात माणूस ओळखायचा म्हणजे तो कुणाचा कोण, भावकी कुठली, पाहुणे कुठले हे बघायचं. पैसे बुडवून लग्नकार्यात तोंड दाखवता येत नाही, हीच तिथं हमी. परक्याजवळ ती नसते. मग तिच्या जागी आपण गाडी, नोटांचं बंडल आणि गोड बोलणं धरतो. त्यात मध्यस्थ ओळखीचा. त्याला पेटीमागे कमिशन असतं, आणि व्यापाऱ्याच्या मोबाईल नंबरापलीकडे त्यालाही बऱ्याचदा काही ठाऊक नसतं. शेजाऱ्याचे पैसे मिळाले म्हणून आपण माल देतो, आपले मिळाले म्हणून शेजारी पुढचा माल देतो. दोघांनाही मिळालेले असतात ते पहिल्याच तोडणीचे. शिवाय आभाळ भरून आलं की कुणी फार विचारत बसत नाही, पाऊस झाला तर मणी तडकणार.

याची उलटी चूकही होते. हिंदी बोलणारा व्यापारी दिसला की तो चोर, असं धरणारे आहेत. वर्षानुवर्षं चोख पैसे देणारे परराज्यातले व्यापारी इथं येतात, आणि बुडवणारा अस्सल मराठी बोलत शेजारच्या तालुक्यातूनही येतो.

तेव्हा बोलण्यावर जाऊ नका, तपासा. आधार कार्डाची झेरॉक्स घेतलीत तर त्यावरच्या पत्त्यावर कुणाला तरी पाठवा. तो ज्या बाजारातला गाळा सांगतो, तिथल्या बाजार समितीचा नंबर स्वतः शोधून चौकशी करा. त्याने दिलेल्या नंबरावर त्याचाच माणूस बोलेल. जीएसटी नंबर नाही म्हणाला तर तेवढ्यावरून निकाल देऊ नका, ताज्या द्राक्षावर जीएसटी नाही. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यामुळे बांधावर घेणाऱ्याकडे समितीचा परवाना असेलच असं नाही, आणि पैसे थकले तर मागे समितीही नसते.

एका तोडणीचा हिशेब मिटल्याशिवाय दुसरी कात्री लावू द्यायची नाही. पैसे आले की नाही ते स्वतःच्या खात्यात बघा. त्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट किंवा आलेला मेसेज खोटा असू शकतो. गाडीचा नंबर आणि बिल्टीचा, म्हणजे माल वाहतुकीच्या पावतीचा, फोटो ठेवा. उधारी टळतच नसेल तर पेट्या, दर आणि पैशाची तारीख ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहा आणि मध्यस्थाला जामीनदार म्हणून सही करायला सांगा. इथं तो का-कू करू लागला तर व्यापाऱ्यावर त्याचा स्वतःचा किती भरवसा आहे ते कळतं.

चेक घेतलात तर त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरा. परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि तेही उलटले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. अनेकांचे हे दिवस "देतो, देतो" ऐकण्यात निघून जातात.

पोलीस ठाण्यात "उधारीचा व्यवहार आहे, दिवाणी दावा करा" असं उत्तर मिळू शकतं. फसवणुकीचा गुन्हा ठरायला सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. खोटा पत्ता, खोटं नाव, त्याच आठवड्यात चार बागांतून उचललेला माल, यातून तो दिसतो. म्हणून एकेकट्याने जाण्यापेक्षा त्या व्यापाऱ्याने बुडवलेल्या सगळ्यांनी तारखा, पेट्या आणि गाड्यांचे नंबर एकाच कागदावर मांडून एकत्र जावं.