महामार्गाच्या कडेचा कचरा: नगरपालिकेनं उचलावा की रस्त्याच्या यंत्रणेनं?

कचरा टाकणाऱ्याला दंड व्हावा, यावर वाद नाही. पण पडलेला कचरा उचलायची कायदेशीर जबाबदारी कोणाकडे असावी, यावर मात्र एकमत होत नाही. आमच्या नागरिक गटाला याच विषयावर निवेदन द्यायचं होतं, तेव्हा तीन पर्याय समोर होते: स्थानिक संस्था, रस्त्याची देखभाल करणारी यंत्रणा आणि रस्ता दत्तक देण्याची योजना. तुम्हीही अशाच निर्णयापाशी आला असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

दत्तक योजनेचं आधी सांगतो, कारण ती सगळ्यांना आवडते. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या टायलर शहराजवळ 1985 मध्ये ती सुरू झाली आणि पुढे बऱ्याच ठिकाणी पसरली. एखादी संस्था रस्त्याचा ठरावीक पट्टा घेते, वर्षातून काही वेळा साफ करते आणि कडेला तिच्या नावाची पाटी लागते. स्वतः कचरा वेचलेला माणूस पुन्हा गाडीच्या खिडकीतून काही फेकत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण भरधाव वाहतुकीतल्या दुभाजकावर स्वयंसेवकांना पाठवता येत नाही, आणि पाठवूही नये. शिवाय ते आले नाहीत तर जाब कोणाला विचारणार? जोड म्हणून ही योजना उत्तम. मूळ जबाबदारी तिच्यावर टाकता येत नाही.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. स्थानिक संस्थेची बाजू कमकुवत नाही. तिच्याकडे गाड्या असतात, माणसं असतात, कचरा टाकायची जागा असते, आणि ज्याला धरता येईल असा निवडून दिलेला प्रतिनिधी असतो. तक्रार केली की निदान कोणीतरी फोन उचलतं. रस्ता वस्तीतून जात असेल, कडेला पदपथ आणि दुकानं असतील, तर मीही तिलाच पसंती देईन.

वस्ती संपली की चित्र बदलतं. तिथं कचरा उचलायचा म्हणजे लेन बंद करावी लागते, मागे इशारा देणारी गाडी उभी करावी लागते आणि प्रशिक्षित माणसं लागतात. लेन बंद करायची परवानगी रस्त्याच्या यंत्रणेकडून घ्यायची, तारीख जुळवायची, मग काम. इंग्लंडमध्ये 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ही विभागणी स्पष्ट दिसते. मोटरवेवरचा, म्हणजे द्रुतगती महामार्गांवरचा, कचरा ‘नॅशनल हायवेज’ ही सरकारी रस्ते-कंपनी उचलते, पण तिच्याच ताब्यातल्या इतर बहुतेक प्रमुख रस्त्यांवरचा कचरा स्थानिक कौन्सिलनं उचलायचा. म्हणजे डांबर एकाचं आणि त्यावरची बाटली दुसऱ्याची.

माझं मत ज्या एका गोष्टीनं ठरवलं ती म्हणजे गवतकापणी. कडेच्या उंच गवतात बाटल्या, पिशव्या, कप अडकलेले असतात. ते आधी वेचून घ्यायचे आणि मग गवत कापायचं, इतका साधा क्रम. पण आमच्या पट्ट्यात गवत एका कार्यालयाचा ठेकेदार कापायचा आणि कचरा दुसऱ्या कार्यालयाचे कर्मचारी उचलायचे. गवत कापायचं यंत्र आधी यायचं. त्याच्या पात्याखाली गेलेल्या बाटलीच्या नखाएवढ्या चकत्या होतात, पिशवीच्या चिंध्या कापलेल्या गवतात गुंततात. मग झाडू चालत नाही, चिमटाही पुरत नाही; वाकून एकेक तुकडा वेचावा लागतो. वेचायच्या आत पाऊस आला की ते सगळं गटारात, तिथून मोरीच्या जाळीवर, आणि रस्त्यावर पाणी साचतं. दोन्ही कार्यालयांच्या नोंदीत काम वेळेवर झालेलं असतं आणि ते खोटंही नसतं. एकाच्या कामात कचरा येत नाही, दुसऱ्याला कापणीची तारीख कळत नाही. दर हंगामात हेच बघून मी फार अस्वस्थ व्हायचो, कारण उचलता आला असता असा कचरा आपणच कायमचा मातीत मिसळत होतो.

एकाच यंत्रणेकडे सगळं असलं की हा प्रश्न बराचसा सुटतो, असं मला वाटतं. जर्मनीत 1 जानेवारी 2021 पासून ऑटोबानची, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांची, देखभाल संघराज्याच्या एकाच कंपनीकडे आहे. तिची ठिकठिकाणची देखभाल केंद्रं गवत, कचरा आणि हिवाळ्यातलं मीठ टाकणं ही सगळी कामं बघतात. लेन एकदा बंद केली की आधी कचरा, मग गवत, मग गटार, हे त्याच फेरीत उरकता येतं.

अर्थात, रस्त्याची यंत्रणा दूर असते आणि तिला मतदार नसतात. देखभालीच्या करारात नुसत्या फेऱ्या मोजल्या, तर फेऱ्या होतील आणि कचरा तसाच राहील. त्यासाठी इंग्लंडची एक पद्धत उचलण्यासारखी आहे: तिथं अजिबात कचरा नसलेल्या जागेपासून कचऱ्यानं भरलेल्या जागेपर्यंत स्वच्छतेच्या चार श्रेण्या ठरवलेल्या आहेत. मागणी करताना फेऱ्यांऐवजी श्रेणी मागा, आणि श्रेणी घसरली तर किती वेळात पूर्ववत करायची तेही लिहून घ्या.

आम्ही शेवटी रस्त्याच्या यंत्रणेच्या बाजूनं निवेदन दिलं. त्यात दोन अटी घातल्या: कापणीच्या आधी कचरा वेचल्याशिवाय कापणीचं बिल मंजूर करू नये, आणि उचललेला कचरा स्थानिक संस्थेनं आपल्या केंद्रावर घ्यावा. दुसरी अट किरकोळ वाटेल, पण ती सोडू नका. ती नसली तर भरलेली पोती रस्त्याच्या कडेलाच पडून राहतात आणि भटकी जनावरं ती फाडतात.