तालुक्याच्या बाजारातील 'शुगर फ्री' मिश्र पीठ: सहा आठवड्यांचा अनुभव

दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारात एका महिला बचत गटाच्या दुकानावर मी हे पीठ पहिल्यांदा पाहिले. एक किलोच्या पिशवीवर ठळक अक्षरांत 'शुगर फ्री पीठ' असे छापलेले होते आणि खाली ज्वारी ७० टक्के, हरभरा डाळ २० टक्के, मेथी ५ टक्के व जवस ५ टक्के असे प्रमाण दिले होते. किंमत ९० रुपये. "काकू, हे पीठ खाल्लं की शुगर वाढतच नाही जी," असे दुकानावरील मुलीने अगदी खात्रीने सांगितले. मला सात वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, घरात ग्लुकोमीटर आहे आणि भाकरी रोज मीच थापते, त्यामुळे तिच्या वाक्याची परीक्षा माझ्याच स्वयंपाकघरात होऊ शकते असे वाटून मी दोन पिशव्या घेतल्या.

पीठ म्हणून ते चांगले आहे, हे आधी मोकळेपणाने सांगते. पहिली पिशवी फोडली तेव्हा पीठ बोटांना किंचित रवाळ लागले. गिरणीवर अगदी मैद्यासारखे बारीक काढलेले नव्हते आणि कोंडाही चाळून टाकलेला दिसला नाही. परातीत आधणाचे पाणी घालून तळहाताने रेटून मळल्यावर गोळा एकजीव झाला, थापताना कडा फारशा चिरल्या नाहीत आणि तव्यावर पाणी फिरवून उलटल्यावर भाकर टम्म फुगली. हरभऱ्यामुळे ती नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा लवकर लालसर होते, म्हणून जाळ थोडा कमी ठेवावा लागतो. मेथीचा कडूपणा बेसन किंवा ठेच्यासोबत कळत नाही, दुधात कुस्करून खाणाऱ्याला मात्र तो जाणवेल.

दुसरी पिशवी तीन आठवड्यांनी उघडली आणि तिथे तक्रारीला जागा निघाली. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती, भाकर परातीतून उचलताना मधोमध तुटत होती आणि पिठाला खवट वास येत होता. जवस अख्खा असतो तोवर टिकतो, पण दळल्यावर त्यातील तेल हवेच्या संपर्कात येऊन लवकर खराब होते. ज्वारीचे पीठही जुने झाले की चिकटपणा सोडते. म्हणूनच अशा पिशवीवर दळल्याची तारीख फार महत्त्वाची ठरते, आणि पिशवी दोनदा उलटसुलट करून पाहिली तरी तारीख कुठेही नव्हती. बंद पाकिटातील खाद्यपदार्थावर तो तयार केल्याची किंवा पाकीटबंद केल्याची तारीख छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

आता मुख्य दाव्याकडे येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हाच्या पिठात सुमारे ६४ आणि पांढऱ्या तांदळात सुमारे ७८. याचा अर्थ ज्वारीत गव्हापेक्षा कर्बोदके कमी नाहीत, उलट थोडी जास्तच आहेत. कर्बोदकांतील स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या असतात. तोंडातील लाळेपासून लहान आतड्यापर्यंत त्या तुटत जातात आणि शेवटी ग्लुकोज रक्तात उतरते. त्यामुळे कोणत्याही धान्याचे पीठ 'शुगर फ्री' असू शकत नाही. हरभरा डाळ, मेथी आणि जवस मिसळल्याने एवढेच होते की १०० ग्रॅममागे कर्बोदके साधारण ५८ ग्रॅमवर येतात आणि प्रथिने वाढतात.

फरक पडतो तो ग्लुकोज रक्तात उतरण्याच्या वेगात. ज्वारीतील काफिरिन नावाची प्रथिने शिजल्यावर स्टार्चच्या कणांभोवती अशी आवळली जातात की पाचकरसांना तिथे पोहोचायला वेळ लागतो. मेथीतील चिकट तंतू पोटातला घास घट्ट करून पुढची वाट सावकाश करतात, आणि डाळीतील प्रथिनांमुळे पोट रिकामे होण्याचा वेगही मंदावतो. पीठ जितके बारीक, तितका हा फायदा कमी होतो.

हे सगळे माझ्या शरीरात कितपत उतरते ते पाहण्यासाठी मी प्रत्येक प्रकार तीन-तीन दिवस दुपारच्या जेवणात घेतला. पिठाचे वजन ८० ग्रॅम, सोबत पालकाची डाळभाजी आणि ताक, आणि पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी बोट टोचून नोंद, असा नेम ठेवला. गव्हाच्या तीन पोळ्यांनंतर रक्तातील साखर सरासरी १८६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे आकडेही याच मापात) आली, घरच्या ज्वारीच्या भाकरीनंतर १६९ आणि या मिश्र पिठाच्या भाकरीनंतर १५८. ग्लुकोमीटरला मानकांनुसारच पंधरा टक्क्यांपर्यंत चुकण्याची मुभा असते, त्यामुळे १६९ आणि १५८ मधील फरकावर मी फार भार देणार नाही. पोळी आणि मिश्र भाकर यांतील फरक मात्र तिन्ही दिवस त्याच दिशेने दिसला.

त्यानंतरच्या दोन नोंदी मला जास्त बोलक्या वाटतात. याच पिठाच्या दोन भाकरी खाल्ल्या त्या दिवशी साखर २१४ वर गेली, म्हणजे गव्हाच्या तीन पोळ्यांपेक्षाही वर. आणि एकच भाकर, पण सोबत डाळभाजीऐवजी आलूचा रस्सा व वाटीभर भात घेतला, तेव्हा २०७ आली. पिशवीवर 'रोज दोन भाकरी' असा सल्ला छापलेला आहे. तो देणाऱ्याने आमच्याकडची भाकर कदाचित हातात घेतलेली नसावी. किराणा दुकानातील काट्यावर मी थापण्याआधीच्या एका भाकरीचे कोरडे पीठ तोलले, तर ते ८४ ग्रॅम भरले. शहरातील फुलक्यात २५ ते ३० ग्रॅम पीठ असते. आमची एक भाकर म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम कर्बोदके, आणि दोन खाल्ल्या की त्याची दुप्पट.

ही गोष्ट मी इतक्या तपशिलाने लिहिते, कारण आमच्या भागात ताटच बदलले आहे. माझ्या लहानपणी शेतात ज्वारी असे, जनावरांना कडबा मिळे आणि घरात सकाळ-संध्याकाळ भाकर, अंबाडीची भाजी किंवा कण्या असत. सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीची जागा घेतली, रेशनमधून तांदूळ आणि गहू येऊ लागले, आणि जानेवारी २०२३ पासून तर ते धान्य मोफत मिळते. गरीब घराला याचा मोठा आधार आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे अनेक घरांत दोन्ही वेळच्या ताटात भाताचा ढीग, पातळ वरण आणि चमचाभर भाजी एवढेच उरले आहे. अशा ताटात नुसती पोळीच्या जागी महागडी भाकर आली, तर साखरेत फारसे काही बदलणार नाही. आधी भाजी आणि डाळ खाऊन मग भाकर मोडावी, भात दोन-चार घासांवर आणावा आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे. स्नायू चालताना रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात. माझ्या नोंदींत चालण्याच्या दिवशी वीसेक अंकांचा फरक सतत दिसत होता.

एका बाबतीत मला मनापासून काळजी वाटते. त्याच बाजारात दुसऱ्या एका विक्रेत्याकडे, 'पीठ सुरू केलं की गोळी बंद', असे मी ऐकले. गोळी बंद करणे किंवा डोस कमी करणे हा निर्णय फक्त डॉक्टरांचा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना ताटातील कर्बोदके एकदम कमी केली, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, डोके गरगरणे असे होऊ शकते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

माझी रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, म्हणजे एचबीए१सी, अजून करायची आहे. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस असल्याने सहा आठवड्यांत तिच्यावरून पिठाबद्दल काही ठरवणे घाईचे होईल.

पीठ मी पुन्हा घेईन, पण अर्ध्या किलोच्या पिशवीत आणि दळल्याचा दिवस विचारूनच. ज्यांच्या घरी ज्वारी आहे त्यांनी चार किलो ज्वारीत एक किलो हरभरा डाळ मिसळून गावच्या गिरणीवर जाडसर दळून घेतले, तरी काम भागेल. मेथी आणि भाजलेला जवस ऐन वेळी कुटून घालता येतो. गटातील बायकांची मेहनत खरी आहे. त्या मुलीला मी नोंदींची वही दाखवली, तेव्हा तिने ती शांतपणे वाचली, आणि 'शुगर फ्री' ऐवजी 'एका वेळी एक भाकर, सोबत डाळ व पालेभाजी' असे छापायला गटाच्या बैठकीत सांगते, असे म्हणाली. पुढच्या बाजारात नवी पिशवी आली की तारखेची जागा मी आधी पाहणार आहे.