खाली शेड, वर घर : इचलकरंजीत घर विकताना एजंट, ॲप आणि व्हॅल्युअर, तिघांचा रिव्ह्यू

घर विकायला काढल्यावर नेटवर शोधलं तर सगळे रिव्ह्यू पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचे. आमचं घर इचलचं, खाली मागाची शेड आणि वर राहायचं, त्यातले माग बंद पडलेले, असल्या वास्तूला भाव काय सांगायचा हे कुणी लिहिलेलंच नाही, म्हणून मी लिहितोय. नावं कुणाचीच देत नाही, मेसेज करून विचारू नका.

आधी गावाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ ला आला आणि पुढं पिढ्यानपिढ्या गावानं पैसा मिळाला की प्लॉट घेतला, खाली शेड टाकली आणि वर घर बांधलं. आता साध्या मागाचं जे व्हायचं ते झालंय. वीजबिल, सुताच्या दराचे झोके (२०२२ ला कापसाची खंडी लाखाच्या वर गेली होती, आठवत असेल), मजुरीवर चालणारा खर्चीवाला तर कधीच मोडला, आणि ज्याच्याकडं भांडवल होतं तो रॅपिअर-एअरजेट असले नवे माग घेऊन शेजारच्या यड्राव-तारदाळकडं गेला. गल्लीतले माग किलोवर भंगारात गेले. आमचे बारा पण तसेच गेले. आणि एवढं होऊनसुद्धा गल्लीत घराचा भाव विचारला की सगळे अजून चांगल्या दिवसातलाच आकडा सांगतात. त्यात २०२२ ला महापालिका झाली, झालं, "आता दर वाढणार बघा" म्हणून जो तो दहा लाख वर चढवून बसला. नळाला पाणी काही दिवसाआडच येतंय ते येतंय.

आमचे आप्पा ८५ लाखांवर ठाम होते. कुठून आला हा आकडा? पलीकडच्या गल्लीतल्या कुणीतरी "८५ ला मागितलंय" असं चहाच्या गाड्यावर सांगितलेलं. मागितलंय म्हणजे त्यानं मागितलंय, कुणी दिलेलं नाही, हे आप्पांना कोण सांगणार.

तर पहिलं ॲप. प्रॉपर्टीची जाहिरात टाकायची मोठी ॲपं असतात त्यातलं एक, फुकटात "तुमच्या घराची अंदाजे किंमत" दाखवतं. आम्हाला ९२ लाख दाखवले. खाली बघितलं तर तुलनेला कोल्हापूरच्या कॉलन्यांतली घरं आणि दोन नवे फ्लॅट, आणि ते सगळे मागितलेले भाव, झालेले व्यवहार एक पण नाही. शेड कुठं लिहायची याला रकानाच नाही, मी ती "पार्किंग" मध्ये टाकली. फोन मात्र भरपूर आले, बहुतेक दुसऱ्या एजंटांचे. पाचातला एक स्टार, तो पण फोटो पटकन अपलोड होतात म्हणून.

दुसरा एजंट. माणूस गोड, गाडी घेऊन दारात हजर, आप्पांना "काका, ८० च्या खाली बोलायचंच नाही" म्हणाला आणि आप्पा खूश. याची गोम अशी की आकडा फुगवून सांगितला की घर त्याच्या हातात येतं, मग काही महिने एक पण पार्टी येत नाही, आणि मग तोच फोन करून म्हणतो, "काका, मार्केट लई डाऊन आहे, ५० ला एक पार्टी हाय, विसार आजच देतो." वर परत "निम्मे एक नंबरात करू, निम्मे रोख". घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड लागू शकतो हे त्याला माहीत नसेल असं नाही, पण दंड विकणाऱ्याला, दलाली त्याला, दोन्हीकडून २-२ टक्के. एक मात्र खरं की पार्टी ओळखायची नजर त्याच्याकडं होती, कोण नुसता बघायला आलाय आणि कोणाला खरंच घ्यायचंय हे तो दारातल्या चपला बघून सांगायचा. दोन स्टार.

आता व्हॅल्युअर, म्हणजे फी घेऊन घराची किंमत काढून देणारा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. सरकारमान्य म्हणजे आयकर खात्याकडं नोंदणी असलेला, सिव्हिल इंजिनिअर माणूस, वय असेल साठीच्या आसपास. फी काही हजार, जीएसटी वेगळा (हा "वेगळा" शब्द नंतर आला). आप्पांचं म्हणणं, "माझ्या घराची किंमत मला सांगायला पैसे देऊन माणूस कशाला?" मला पण आत कुठंतरी तेच वाटत होतं, पण बहिणीनं धरून लावलं.

आल्यावर तो आधी वर गेलाच नाही. सरळ शेडमध्ये. मागाच्या बोल्टांची भोकं फरशीत अजून तशीच आहेत, त्याच्यावर टाच आपटून बघितली, एका ठिकाणी आवाज पोकळ आला तिथं खडूनं खूण केली. पिलरला हातोडीनं टकटक. तेलानं काळी झालेली भिंत नखानं खरवडून बघितली. मग म्हणाला, "किती वर्षं चालले माग?" आप्पा म्हणाले, "पंचवीस तरी." "दोन्ही पाळ्या?" "होय की." त्यानं वरच्या स्लॅबच्या बीमची एक तड दाखवली जी आम्ही इतकी वर्षं रंगाची समजत होतो. आप्पा गप्प. मग थ्री फेज मीटर बघितलं, मंजूर भार किती एचपी, यंत्रमागाच्या दरातलं कनेक्शन घरगुती करून घ्यायला लागेल आणि आधी थकबाकी शून्य पाहिजे म्हणाला. बोअर आहे का, पाणी उन्हाळ्यात टिकतं का, जमिनीखालची टाकी किती लिटरची. इचलमध्ये पाण्याची टाकी मोठी असणं हे मॉड्युलर किचनपेक्षा जास्त भाव देतं असं तोच म्हणाला, आणि पुढं बघायला आलेल्या प्रत्येक बाईनं आधी टाकीचंच झाकण उघडून बघितलं.

कागद मागितले ते असे : प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, घरफाळ्याची चालू पावती, जुनं खरेदीखत. आमचा प्लॉट सिटी सर्व्हेत आहे म्हणून बरं, गुंठेवारीतला असता तर नियमितीकरणाचा दाखला आधी आणा, मग बोलू, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

रिपोर्टमध्ये हिशोब असा निघाला. प्लॉट १,८०० स्क्वेअर फूट, दर २,४०० धरून जागेचे ४३ लाख २० हजार. शेड १,३०० फूट, आज बांधायची तर १,२०० चा दर. वरचं घर १,१०० फूट, १,७०० चा दर. दोन्ही मिळून ३४ लाख ३० हजार, पण बांधकाम १९९४ चं, आरसीसीचं आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी १० टक्के भंगारमूल्य धरून घसारा साडेसेहेचाळीस टक्के, म्हणजे राहिले १८ लाख ३५ हजार. एकूण साडेएकसष्ट. त्याच्याखाली अजून दोन आकडे असतात : दोन-चार महिन्यात खरंच हातात येईल तो साधारण ५५, आणि घाईनं, अडचणीत विकलं तर ४९. एजंटाची ५० ची पार्टी म्हणजे काय होती ते इथं कळलं. आम्ही कर्जात नव्हतो, आणि भाव आम्हाला अडल्याचा सांगत होता.

आप्पांना ६१ पचेना. तेव्हा व्हॅल्युअरनं लॅपटॉप उघडून नोंदणी खात्याच्या साइटवरचा ई-सर्च दाखवला, फुकट आहे, कुणी पण बघू शकतं. आपल्या भागातल्या झालेल्या खरेदीखतांची इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचा गोषवारा, निघते, त्यात "मोबदला" (खरेदीखतात लिहिलेली किंमत) आणि "बाजारभाव" असे दोन रकाने असतात. आमच्या आसपासच्या काही खरेद्या काढल्या आणि तिथं मोबदला बाजारभावाच्या खाली. मुंबईत हे उलटं असतं. बाजारभाव म्हणजे सरकारचा रेडी रेकनर, तो अख्ख्या झोनला एक, रस्त्याला लागून असलेलं आणि आत बोळातलं सारखंच, आणि गावाचा धंदा बसला म्हणून तो आपोआप खाली येत नाही. दोन वर्षं जैसे थे ठेवलेले दर एप्रिल २०२५ ला उलट वाढले. "मोबदल्यात थोडी रोख लपलेली असते ती धरा," हे पण त्यानंच सांगितलं, पण लपवून लपवून २५ लाख लपत नाहीत. त्या दिवसापासून आप्पांनी ८५ हा शब्द काढला नाही. चहाच्या गाड्यावर जाणं पण कमी केलं, पण त्याचं कारण गुडघे असतील.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त कामाचं वाटलं ते. आमच्या घराचं रेडी रेकनरनं मूल्य निघालं ६४ लाख, म्हणजे बाजारापेक्षा जास्त. विकलं कमीत तर? आयकराच्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्याच्या पुढं गेलं की सरकार म्हणतं तुम्हाला ६४ च मिळाले असं धरून कर भरा, आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात पण फरकाची रक्कम धरतात. ६४ ला १.१ नं भागा, ५८ लाख १८ हजार. म्हणजे आमचा तळ ठरला. याच्या खाली उतरलो तर न मिळालेल्या पैशावर कर, नाहीतर मग खात्याच्या व्हॅल्युएशन ऑफिसरकडं प्रकरण पाठवा म्हणून भांडत बसायचं. वरचा आकडा साडेएकसष्ट, खालचा ५८ लाख १८ हजार. एवढ्याच पट्ट्यात काय ते बोलायचं. एवढं स्पष्ट कुठल्या एजंटानं सांगितलं असतं?

जाहिरात ६३ ला टाकली. गिऱ्हाईक कोण येतं बघा : मागवाल्याला शेड नको, साधे माग आता कोण टाकतंय. ज्यांच्याकडं रोख आहे ते बँकांच्या लिलावाच्या जाहिराती कापून खिशात घेऊन येतात, "ह्या बंगल्याची रिझर्व्ह प्राइस बघा की" म्हणतात. त्यांना सांगायचं की ताबा, आतला भाडेकरू, घरफाळ्याची थकबाकी सगळं तुम्हीच निस्तरा मग. राहिले पगारदार, म्हणजे शिक्षक, नर्स, हातकणंगले-कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करणारे, कारण पगाराची स्लिप असल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. भाव शेवटी तिथंच ठरतो. बँक खरेदीची किंमत आणि स्वतःच्या व्हॅल्युअरचा आकडा यातला जो कमी तो धरते, आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. आमचा व्यवहार ६० ला ठरला, बँकेच्या माणसानं ५९ काढले, कर्ज ४७ लाख २० हजार. उरलेले १२ लाख ८० हजार घेणाऱ्यांच्या खिशातले, वर स्टॅम्प ड्युटी, ती ६० वर नाही तर ६४ वर. नुसत्या बाईच्या नावावर खरेदी केली म्हणून ६ च्या जागी ५ टक्के, तरी ३ लाख २० हजार, शिवाय नोंदणीचे ३० हजार. म्हणजे नवरा-बायको दोघं कमावते असून १६ लाख ३० हजार स्वतःचे तयार पाहिजेत, आणि तेवढे असणारी कुटुंबं आमच्या भागात शोधायला लागतात. आप्पांचे ८५ धरले असते तर बँकेनं तरी ५९ च्याच हिशोबानं दिलं असतं, वरचे २५ कोण आणणार होतं? शेडचं काय, तर तिथं बाईंची बहीण शिवणकामाचं युनिट टाकतीय. थ्री फेजचं कनेक्शन बघूनच त्यांनी हो म्हटलं.

तक्रारी पण आहेत. रिपोर्ट सांगितल्यापेक्षा बराच उशिरा आला. निम्मी पानं छापील मजकूर, प्रत्येकाला तोच. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी, ती दुरुस्त करून घ्यायला आणखी फोन. आणि हे आधी कुणी सांगत नाही की तुमचा रिपोर्ट घेणाऱ्याची बँक मानत नाही, ती आपल्या पॅनलवरचाच माणूस पाठवते. म्हणजे हा कागद दाखवून कर्ज मिळत नाही, तो फक्त आपल्या डोक्यासाठी आणि घरातल्या माणसांसाठी. तरी पाचातले चार देतो.

प्लॉट रिकामा असेल, कागद साफ असतील तर व्हॅल्युअर लावू नका, ई-सर्च आणि रेडी रेकनर स्वतः बघा, साइटवरचा दर चौरस मीटरचा असतो, १०.७६४ नं भागून फुटाचा काढा. पण घर २००१ च्या आधीचं असेल तर त्याच फीत १ एप्रिल २००१ चं मूल्य पण काढून मागा, विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना तेच आपली खरेदीची किंमत म्हणून धरता येतं, आधीच बोलून घ्या, नंतर मागितलं तर परत पैसे. आमचं ते ९ लाख निघालं, २०२५-२६ चा महागाईचा निर्देशांक ३७६, म्हणजे ६० मधून वजा करायचा खर्च धरला ३३ लाख ८४ हजार, आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांनी कर बसतो साधारण ५ लाख २३ हजार. निर्देशांक न घेता साडेबारा टक्क्यांनी केला असता तर ६ लाख ३७ हजार. दोन्हींतला कमी निवडता येतो कारण घर जुलै २०२४ च्या आधीपासूनचं आहे. फक्त ते ९ लाख त्या वेळच्या सरकारी मूल्याच्या वर दाखवता येत नाहीत, आमच्या व्हॅल्युअरनं आधी ११ लिहिलेले, सीएनं परत पाठवले. आणि व्यवहार ५० लाखांच्या वरचा म्हणून घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, त्याचं सर्टिफिकेट खरेदीखताच्या दिवशीच मागून ठेवा, आमचं अजून आलेलं नाही.