लघवीची घाई: गोळी घ्यावी की मेंदूला वळण लावावं?

ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरसाठी, म्हणजे मूत्राशय अवेळी आवळून लघवीची अनावर घाई होते त्यासाठी, बहुधा दोन वाटा सुचवल्या जातात, ब्लॅडर ट्रेनिंग (कळ थोपवण्याचा सराव) आणि गोळ्या. दोन्ही मी अनुभवल्या आहेत. जंतुसंसर्ग आणि पुरुषांच्या बाबतीत प्रोस्टेट आधी तपासलेलं आहे, असं धरून लिहितो.

ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन या जुन्या गटातल्या गोळ्या. ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंमधल्या रसायनाचा निरोप त्या मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत, त्यामुळे मूत्राशय अवेळी आवळत नाही. मला गुण आला, हे खरं. पण लाळग्रंथींनाही तोच निरोप लागतो. बोलताना जीभ टाळूला चिकटायची, कोरडा घास पाण्याशिवाय उतरायचा नाही. सारखं घोटघोट पाणी प्यायचं, म्हणजे मूत्राशय पुन्हा भरणारच. पूर्वी रात्री लघवीसाठी उठायचो, मग पाण्यासाठी उठू लागलो आणि त्यामागोमाग लघवीसाठी. माझा निर्णय इथेच झाला. सगळ्यांचं तोंड इतकं कोरडं पडतंच असं नाही.

ॲसिटिलकोलिन स्मरणशक्तीलाही लागतं. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत सहज शिरतं, याच गटातलं ट्रॉस्पियम फारच कमी. या गटातली औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत. कारण हेच, असं सिद्ध झालेलं नाही. तरी उतारवयात हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. मिराबेग्रॉन ही गोळी वेगळ्या मार्गाने, मूत्राशयाचा स्नायू सैल करणाऱ्या बीटा-३ रिसेप्टरवर काम करते. त्यात तोंड फारसं कोरडं पडत नाही, मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं.

ट्रेनिंगकडे मी वळलो ते मेंदूचा भाग समजल्यावर. लघवी सोडण्याचं केंद्र मेंदूच्या खोडात, पॉन्स नावाच्या भागात असल्याचं संशोधक बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये दाखवलं. ‘आत्ता नको’ हा हुकूम मात्र कपाळामागच्या भागातून येतो. घराच्या कुलपात किल्ली घालताच जोराची कळ येते ना? मूत्राशय त्या क्षणात भरलेलं नसतं. दार आणि लघवी यांची सांगड मेंदूने घातलेली असते. ती सैल करता येते.

कळ आली की धावायचं नाही. जागीच थांबायचं किंवा बसायचं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडायचे, मन दुसरीकडे गुंतवायचं. कळ लाटेसारखी ओसरते. ती ओसरल्यावर सावकाश चालत जायचं. जमू लागलं की दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. सुरुवातीचे आठवडे चिकाटीचे असतात, गोळीइतकं हे सोपं नाही. पण माझी घाई जितकी यानं निवळली, तितकी गोळीनं निवळली नव्हती, आणि तोंडही ओलं राहिलं.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला एकट्याने हे जमणं कठीण. तिथे ठरावीक वेळी कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. बाकीच्यांनी, जमल्यास, आधी ट्रेनिंगला काही आठवडे द्यावेत आणि पुरेसा फरक पडला नाही तर जोडीला मिराबेग्रॉन चालेल का ते विचारावं. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस किती प्यायलात, कधी गेलात, किती मिलिलिटर झाली हे लिहून न्या.