चार माणसांचा तंबू, सतरा रात्री: भीमेच्या वाळूपासून ओमानच्या किनाऱ्यापर्यंत

गेल्या जूनमध्ये साडेअकरा हजारांना हा तंबू घेतला. घुमटाकार, दुहेरी कापडाचा, फायबरच्या दांड्यांचा, सात किलोच्या आसपास वजनाचा. घेतला तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती. डिसेंबरात आम्ही शाळेपासूनचे चौघं मित्र ओमानच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, वाळूतून गाडी घालत जाणार होतो आणि सहा रात्री उघड्यावर काढणार होतो. चौघांतला एक बारा वर्षं मस्कतला नोकरीला आहे, त्याच्यामुळेच हा बेत जमला.

आता मार्च संपत आलाय. या नऊ महिन्यांत तंबूत सतरा रात्री झोपलो: दोन सोलापुरात विजापूर रोडच्या आमच्या गच्चीवर, तीन भीमेच्या पात्रात, तीन उजनीच्या पाणलोटाकाठी, सहा ओमानात आणि परत आल्यावर तीन मोहोळकडच्या शेतात. तंबूची कंपनी सांगत नाही, कारण या किमतीतले बहुतेक तंबू बांधणीला असेच असतात. आणि मला मुख्यतः सांगायचंय ते तंबू जमिनीला धरून कसा राहतो याबद्दल. विकत घेताना त्याचा विचार मी केला नव्हता, दुकानदारानेही विषय काढला नव्हता.

पहिल्या दोन रात्री ऑगस्टात गच्चीवर काढल्या, पाऊस बघायला. पिशवीवर ३००० मिमी असं छापलंय. म्हणजे कापडावर ३ मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपू नये. कापडाने तो शब्द पाळला. पाणी आलं ते कोपऱ्यातल्या शिवणीतून, जिथे तीन तुकडे एकत्र येतात तिथे. शिवणीवर लावायचं सीलंट आणून आतून दोन हात दिले, त्यानंतर थेंब आला नाही. नवा तंबू घेतला की आधी घरीच उभा करून त्यावर नळी सोडा. गळकी शिवण घरी सापडली तर अर्ध्या तासाचं काम आहे.

खरी परीक्षा कार्तिकी एकादशीनंतर झाली. आपल्याकडे वाळवंट म्हटलं की आधी चंद्रभागेचं वाळवंट आठवतं. माझ्या चुलत्यांचं गाव पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेकाठी आहे. पूर ओसरला की तिथे वाळूचा चांगला पट्टा उघडा पडतो. ओमानची वाळू बघायच्या आधी घरची बघू म्हणून तंबू तिथे नेला. सोबत आलेल्या खुंट्या म्हणजे वीतभर लांबीच्या, वर वाकवलेल्या पोलादी सळ्या. वाळूत त्या हाताच्या दाबानेही आत जात होत्या आणि दोन बोटांनी तितक्याच सहज वर येत होत्या. संध्याकाळी नदीवरून साधा वारा सुटला आणि तंबूची एक बाजू उचलली गेली. आत सामान होतं म्हणून राहिला.

काका बांधावर उभे राहून बघत होते. खाली आले, एक खुंटी उपसून हातात घेतली आणि म्हणाले, "वाळूत खुंटी धरत नसती बाळा, ओझं धरतंय. होडी बांधायला आम्ही दगूड पुरायचो." मग रिकाम्या खताच्या पोत्यात वाळू भरली, तोंडाला दोरी बांधली, हातभर खड्डा करून पोतं त्यात आडवं टाकलं, वर वाळू लोटून पायाने दाबली. मी दोरीला लोंबकळलो तरी ती हलली नाही. पुरलेल्या पिशवीवर सगळ्या बाजूंनी वाळूचा भार असतो. दोर ओढला की पिशवीबरोबर तो भारही उचलावा लागतो. सळी मात्र नुसती वाळू चिरत सरळ बाहेर येते.

खताची पोती विमानातून न्यायची माझी तयारी नव्हती. घरी आल्यावर अशोक चौकात राहणाऱ्या आमच्या एका ओळखीच्या काकूंकडे गेलो. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मागाचं काम. चादरीचे उरलेले, काठ बिघडलेले तुकडे त्यांच्याकडे असतातच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वजन भरणार तू ह्यात?" म्हटलं, सहा-सात किलो. त्या म्हणाल्या, "मग तळाला दोन शिवणी घालते, आणि नाडी कापडाचीच वळते, विकतची नको." एक फूट बाय एक फुटाच्या बारा पिशव्या शिवल्या. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे आपण अभिमानाने सांगतो. त्या कापडात किती दम आहे हे मला या पिशव्यांनी दाखवलं. सुती धागा ओला झाला की उलट जास्त ताण सोसतो, आणि समुद्रकाठच्या वाळूत पिशवी ओली होणारच.

उजनीला मात्र पिशव्या काढल्याच नाहीत. पाणी नुकतं उतरलेल्या काळ्या मातीत खुंटी अशी घट्ट बसते की सकाळी काढताना दमछाक होते. शेतातल्या मुरमावर त्याच खुंट्या तिसऱ्या घावाला वाकल्या. तिथे कामाला आल्या त्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेल्या जाड, टोकदार लोखंडी सळ्या. काळी माती, मुरूम आणि वाळू या तीन जमिनींना तीन वेगळे उपाय लागले आणि तंबूसोबत आलेला उपाय त्यातल्या एकीलाच पुरला.

आता ओमान. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तिथून मस्कत. खुंट्या, हातोडी आणि पिशव्या चेक-इन सामानात गेल्या. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते मस्कतला घेतले. दोन फोर बाय फोर गाड्या. सूर, रास अल हद्द, अल अश्खरा आणि मग दक्षिणेला महूत, फिलिम, अल खलूफ असा रस्ता. डावीकडे अरबी समुद्र आणि उजवीकडे वहिबाची वाळू. हे वाळवंट साधारण १२,५०० चौरस किलोमीटरचं आहे आणि पूर्वेला थेट समुद्रापाशी येऊन थांबतं. आपल्या कोकणात समुद्र दिसायच्या आधी माडाची बाग दिसते. इथे वाळूची टेकडी संपते तिथे लाट सुरू होते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा आम्ही गाडीतून उतरलो आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही.

वाळूत शिरण्याआधी मस्कतच्या मित्राने चारही चाकांची हवा ३५ वरून १८ पीएसआयवर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीवर टेकलेला भाग लांब होतो आणि गाडी रुतण्याऐवजी वरून चालते. डांबरी रस्ता लागला की पंपाने परत भरायची. हे तो दर वेळी, न कंटाळता करायचा. गाडी एकदाच रुतली, तीही वाळूत नाही तर फिलिमच्या बाजूला सबख्यात. सबखा म्हणजे मिठाचा पापुद्रा धरलेली सपाट जमीन, वरून पांढरी कडक, खाली चिखल. दुसरी गाडी आधीच्या चाकोऱ्या सोडून पाच-सहा हात बाजूला गेली तेवढंच निमित्त झालं. फावडं, फळ्या आणि दोन तास गेले. तिथे एकट्या गाडीने जाऊ नये हे मी अगदी मनापासून सांगतो.

पहिली रात्र अश्खराच्या खाली. पोचायला अंधार झाला, सगळे दमलेले, म्हणून पिशव्या भरायचा कंटाळा केला. खुंट्या ठोकल्या आणि आत चार सॅक ठेवल्या. रात्री एकच्या सुमारास वारा फिरला. आधी एक दोर सुटला, तो वरच्या कापडावर चाबकासारखा वाजायला लागला. मग वाऱ्याकडच्या तिन्ही खुंट्या गेल्या आणि घुमट आमच्या अंगावर वाकला. एक दांडी तडकली ती त्याच वेळी. उरलेली रात्र दोघं गाडीत बसून आणि दोघं आडव्या तंबूवर बसून काढली. सकाळी तीन खुंट्या सापडल्याच नाहीत.

दुसऱ्या रात्रीपासून नियम केला. गाडी थांबली की चहा नंतर, पिशव्या आधी. दहा पिशव्या भरून पुरायला चौघांना चाळीस मिनिटं लागतात. कोपऱ्यांना चार, दोरांना सहा, दोन शिल्लक. पिशवी दोराच्या ओढीला आडवी ठेवायची आणि कोपरापर्यंत हात जाईल एवढं खोल पुरायची. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार पाठीकडे. जागा निवडताना भरतीची खूण शोधायची. वाळलेल्या शेवाळाची ओळ जिथे दिसते तिच्या बऱ्याच वर तंबू. अल खलूफला, त्या पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्यांत, पहिल्या रात्रीइतकाच वारा आला. मी जागा राहून दोरांवर हात ठेवून बघत होतो. दोर तणावले, कापड फुगलं, दांड्या लवल्या, पण वाळूतून काहीच वर आलं नाही. काकांचं वाक्य आठवलं आणि गावाकडे फोन लावावासा वाटला, पण तिथे रेंज नव्हती.

वाऱ्याइतकाच त्रास दवाचा. वाळवंट म्हणजे कोरडं ही आपली समजूत, पण समुद्राकाठच्या वाळवंटात पहाटे सगळं निथळत असतं. आभाळ निरभ्र असलं की तंबूचं कापड रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतं. समुद्रावरची दमट हवा त्याला लागली की पाणी धरतं. आतून चौघांच्या श्वासाची वाफ वेगळीच. पहिल्यांदा आम्हाला वाटलं तंबू गळतोय. वरच्या दोन्ही झडपा रात्रभर उघड्या ठेवल्या आणि वरचं कापड आतल्या जाळीला टेकणार नाही असं ताणून बांधलं, तेव्हा पाणी निम्म्याहून कमी झालं. पांघरायला चादरी नेल्या होत्या. थंडी सोलापूरच्या पौषातल्यासारखीच, एक चादर पुरते. पण सुती चादर दव धरून ठेवते हे खरं आहे. सकाळी गाडीच्या बॉनेटवर पसरल्या की दहापर्यंत वाळायच्या. पुढच्या वेळी चादर आत आणि वर एक पातळ न भिजणारं कापड घेईन.

खाण्याबद्दल थोडक्यात: ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घरून नेली होती. सहाही दिवस टिकली, ना फ्रिज लागला ना चूल. खलूफला मासेमारी करणाऱ्यांनी गाडी वाळूत उभी करून सुरमईचे तुकडे आमच्या हातात ठेवले, पैसे घेईनात. आम्ही त्यांना भाकरी-चटणी दिली. चटणी खाऊन एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे मिटले आणि हसत परत हात पुढे केला.

रास अल जिंझला हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तो राखीव किनारा आहे, तिथे तंबू नाही आणि दिवाही नाही. आम्ही लांब मुक्काम केला आणि वाटाड्याबरोबर चालत गेलो. एक मादी मागच्या पायांनी खड्डा करत होती, वाळू दर खेपेला तितकीच हलकेच बाजूला सारत होती. बर्र अल हिकमानच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसले. पंधरा दिवसांपूर्वी उजनीला पाहिलेला तोच पक्षी, तीच मान वाकवून चाललेली शोधाशोध. मला त्या क्षणी परदेशात आल्यासारखं वाटलं नाही.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी घरी परतलो. तंबूची खरी झीज नंतर दिसली. दाराच्या चेनमध्ये बारीक वाळू आणि मीठ बसून तिचा सरकता भाग झिजला. आता चेन मागून उघडते. कंपनीला तीनदा लिहिलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं की चेन हमीत येत नाही. याचा राग आहे, कारण समुद्रकाठचं चित्र तंबूच्या खोक्यावर त्यांनीच छापलंय. शेवटी चाटी गल्लीतून चेनचा सरकता भाग आणून बसवून घेतला, साठ रुपयांत काम झालं. तेव्हापासून रोज सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने चेन झाडायची आणि त्यावर मेणबत्ती फिरवायची सवय लावलीय. तडकलेल्या दांडीवर पोलादी नळीचा तुकडा चढवलाय, तो अजून टिकून आहे.

मीठ धुवायला घरी आल्या दिवशीच गोड्या पाण्याने सगळं धुतलं, साबण न लावता, आणि सावलीत दोन दिवस वाळवलं. ओलसर तंबू गुंडाळून ठेवला की कापडावरचा पाणी अडवणारा थर चिकट होऊन सुटायला लागतो. आमच्या एका मित्राचा तंबू याच कारणाने गेला. सोलापूरच्या उन्हात वाळवण्याचा मोह टाळा. एप्रिल-मेच्या उन्हात कापड विटतं आणि कमजोर होतं.

चार माणसांचा म्हणतात त्यात तिघं नीट झोपतात. चौघं झोपलो, पण सॅक गाडीत ठेवून. उंची बसायला चांगली, उभं राहायला नाही. एकट्याने उभा करायला पंचवीस मिनिटं, दोघांनी बारा.

परत घेईन का? हो, हाच घेईन, पण फायबरऐवजी ॲल्युमिनियमच्या दांड्या मिळत असतील तर दोन-तीन हजार जास्त देऊन त्या घेईन. बाकी पैसा पिशव्यांवर घाला. बारा पिशव्यांचे काकूंनी शिलाईसकट सहाशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून. सध्या त्या गच्चीवर दोरीवर वाळतायत. दोन पिशव्यांच्या नाड्या घासल्यात, कापड जसंच्या तसं आहे. मस्कतच्या मित्राने स्वतःसाठी संच मागवलाय. काकूंनी कालच शिवायला घेतला. या वेळी सोळा पिशव्या, आणि नाडी तिपेडी.